न लागलेलं दही

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. देवास.

डोकं तापलं की मी ही वही उघडते. उमाशंकरांना ते ठाऊक आहे, म्हणून वही दिसली की ते आपणहून चहा टाकायला उठतात. लग्नाला तीस वर्षं झाली, एवढं तरी शिकले.

आजचं कारण धारचं. आमच्या लेकीच्या, अपूर्वाच्या सासरी येत्या शुक्रवारी बोडण आहे, लग्नानंतरचं पहिलं. बोडण आमच्याकडेही होतं. चार सवाष्णी आणि एक कुमारिका बसतात, परातीत देवीभोवती दूध, दही, तूप, मध, साखर कालवतात, पुरुषांनी तिकडे फिरकायचं नाही, आणि कालवलेलं सगळं गाईला घालायचं. पण विहीणबाईंच्या घरची रीत म्हणजे त्याहून वर! ज्या गाईच्या मुखी बोडण जाणार, दूधही तिचंच हवं. दही नव्या सुनेनंच लावायचं, आणि विरजण तिच्या माहेरचं. विरजणाचं मला कौतुकच वाटलं. आमचं विरजण माझ्या आजेसासूबाईंपासूनचं आहे, एक दिवस खंड नाही. लग्नात अपूर्वाबरोबर बोळकं भरून दिलंय.

तर ती गाय, त्यांच्या शेजारच्या भूपेंद्रची कपिला, तिची कास सुजली. विहीणबाई, म्हणजे नर्मदाबाई, फोनवर रडकुंडीला आलेल्या. मी म्हटलं, रडता कशाला, माझा चिराग आहे ना तिथे. चिराग शाळेत माझा विद्यार्थी होता, आता धारला गुरांचा डॉक्टर आहे. लगेच गेला बिचारा. संध्याकाळी त्याचा फोन, ‘मॅडम, थनों में दवा चढ़ा दी है, अभी दो दिन और चढ़ेगी. पर दूध का एक ध्यान...’ मी म्हटलं, ‘उनसे फीस मत लेना, मेरी इज्जत का सवाल है.’ तो आपला ‘मॅडम, सुनिए तो, वो बात नहीं’ करत बसला. भिडस्त पोरगा. माझी पोळी करपत होती, मी फोन ठेवला.

एवढं सगळं मी केलं, आणि बोडणाला मला अजून बोलावणं नाही! मुलीची आई काय सवाष्ण नाही?

६ फेब्रुवारी, गुरुवार.

अपूर्वाचा फोन सकाळीच. रडत होती. ‘आई, दही लागलंच नाही गं. दूध जसंच्या तसं, नुसतं पाणचट.’

मी म्हटलं, थंडीने असेल, भांडं शालीत गुंडाळायचं. तर म्हणे गुंडाळलं होतं, गव्हाच्या डब्यात ठेवलं होतं, सगळं केलं होतं. मग हळूच म्हणाली, ‘नव्या सुनेचा हात लाभला नाही, असं म्हणाले इथे. यांच्या आत्या विचारत होत्या की मी बाजूला बसायच्या दिवसांत तर नव्हते ना. पण अहो आईंनी...’

पुढचं मी ऐकलंच नाही. ऐकायचंय काय त्यात? सासूला ‘अहो आई’ म्हणते, तिच्याच घरात माझ्या मुलीला हे विचारतात, एम. कॉम. झालेल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या मुलीला! कोणत्या शतकात राहतात ही माणसं? मी म्हटलं, ‘अपूर्वा, कोणी एक शब्द जरी पुन्हा बोललं तर बॅग भर आणि निघून ये. मी घ्यायला येते.’ ती म्हणाली, ‘आई, ऐक ना...’ मी म्हटलं, ‘तू ऐक.’

बोडण पुढच्या शुक्रवारवर ढकललंय. लोकांना काय सांगितलं असेल देव जाणे.

९ फेब्रुवारी, रविवार.

पुन्हा लावलं, पुन्हा लागलं नाही.

आणि यावेळची खबर ऐका. या खेपेला भांडी दोन होती म्हणे. एक अपूर्वाच्या हातचं, दुसरं खुद्द नर्मदाबाईंनी लावलं, त्याच दुधात, त्याच विरजणाचं. दुसरंही लागलं नाही. अपूर्वा हे मला सांगत होती ते जणू काही चांगली बातमी असल्यासारखं. भोळी आहे पोर. मला विचाराल तर ज्या बाईला सुनेच्या दह्याशेजारी स्वतःचं भांडं ठेवायची गरज पडते तिच्या मनात काय आहे ते उघड आहे. भांड्यांना तिचा हात लागला होता, एवढं तरी त्यातून शाबित झालं.

मी स्वस्थ बसणाऱ्यांतली नाही. अनीशराव आज कामासाठी देवासला येणारच होते, त्यांच्याबरोबर अपूर्वाला ते न लागलेलं दही बाटलीत भरून पाठवायला सांगितलं. जावई भला माणूस आहे, पण आईसमोर मांजर. सोफ्यावर बसून म्हणाला, ‘आईचा तुम्हाला एक निरोप...’ मी म्हटलं, ‘तुमच्या आईंचे निरोप मला पुरे झाले, अनीशराव, शिरा घ्या.’ त्याने शिरा घेतला. उमाशंकर माझ्याकडे बघत होते. त्यांना मी काय बोलते ते कधी पटतं, कधी नाही, पण शिऱ्याच्या वेळी ते मध्ये पडत नाहीत.

१० फेब्रुवारी, सोमवार.

आज शाळेतून आले ती रागाने धुमसतच.

बारावीच्या प्रॅक्टिकलसाठी सूक्ष्मदर्शक कपाटातून काढलेलेच होते. मधल्या सुट्टीत दार लावून घेतलं. आधी आमच्या घरचं दही काचेवर पातळ पसरलं, दिव्यावर सुकवलं, निळा रंग घातला. दिसलं ते नेहमीचंच, आखूड आखूड काड्या आणि मध्ये मण्यांच्या माळा. आमचं विरजण किती निरोगी आहे ते पाहून बरं वाटलं. मग धारची बाटली उघडली.

काड्या नव्हत्याच. दोरे होते. लांबच लांब, वळणं घेत गेलेले, काही तर दिसणाऱ्या गोलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

हे मी दरवर्षी मुलांना शिकवते आणि दरवर्षी अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघत असतो. जीवाणू वाटेल तेव्हा दुभंगत नाही. आधी लांबीत वाढतो, आपला वारसा दुप्पट करतो, दोन्हीकडे सारखा वाटतो. मग बरोबर मध्यावर प्रथिनांचं एक कडं बसतं. ते टोकाशी बसू नये म्हणून तिथे दुसरी प्रथिनं पहाऱ्याला असतात, आणि जिथे वाटणी अजून पुरी झालेली नाही तिथेही कडं बसू देत नाहीत. जीवाणूगणिक तऱ्हा थोडी वेगळी, पण शिस्त हीच. सगळं जागेवर आलं की ते कडं बटव्याची नाडी ओढावी तसं आवळत जातं, आणि त्याच्यामागून आडवी भिंत चढते. भिंतीचे गवंडीसुद्धा दोन प्रकारचे. एक काडीची लांबी वाढवणारे, दुसरे आडवी भिंत घालणारे. पहिले थांबले तर काडीचा गोळा होतो. दुसरे थांबले तर जीवाणू वाढतच राहतो, पण तुटत नाही. त्याचा दोरा होतो. एवढ्याशा जिवाला कळतं की कुठे कापायचं आणि कुठे नाही, आणि धारच्या बायकांना कळत नाही की सुनेला काय विचारायचं.

आता मुद्दा असा की आडवी भिंत घालणाऱ्या गवंड्यांनाच नेमकं कोण बंद पाडतं? पेनिसिलिनच्या गोतातली औषधं. मात्रा जास्त असली तर जीवाणू मरतो, थोडी असली तर असा लांबत राहतो. मेलेला नसतो, अडवलेला असतो. थंडीने अशी अवस्था होत नाही. हात न लाभल्याने तर मुळीच नाही. त्या दह्यात औषध आहे!

घरी येऊन उमाशंकरांना सांगितलं. ते म्हणाले, ‘औषध? पण अगं, ती गाय आजारी...’ मी म्हटलं, ‘गाईचं मला काही सांगू नका, गाय मी बरी करवली. मागे धारला गेले तेव्हा विहीणबाईंच्या ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी कॅप्सूलची पट्टी पडलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली आहे. दाढ दुखते म्हणत होत्या.’ ते चहा टाकायला उठले. म्हणजे पटलं असणार.

स्वतःच्या सुनेचं दही नासवायला कॅप्सूल फोडून घालायची! आणि संशय येऊ नये म्हणून स्वतःचंही भांडं ठेवायचं! एवढी हुशारी चांगल्या कामात दाखवली असती तर घराचं कल्याण झालं असतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

नर्मदाबाईंचा फोन आला होता. आवाज असा गोड की साखर कमी करा म्हणावं. ‘विहीणबाई, दह्याचं उमगलं हो. शुक्रवारी तुम्ही...’

मी म्हटलं, ‘मलाही उमगलंय. शुक्रवारी मी येतेच आहे. बोलावणं नसलं तरी येते आहे.’ आणि फोन कट केला. त्यानंतर दोनदा वाजला, उचलला नाही. घाबरल्या असणार.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

रात्रभर अपूर्वाचा विचार. तिचं लहानपणापासून असंच, कोणी लागट बोललं की गप्प बसते, डोळ्यांतून पाणी. तिच्या वतीने बोलायला मीच लागते. शाळेत वर्गशिक्षिकेशी मी बोलले, कॉलेजात प्रिन्सिपॉलशी मी बोलले, लग्नाच्या बैठकीतही मीच बोलले. आई नसती तर या मुलीला जगाने खाऊन टाकलं असतं.

तिची खोली झाडून ठेवली, पलंगावर नवी चादर घातली. उमाशंकर दारात उभे राहून म्हणाले, ‘तिला विचारलंयस का?’ यात विचारायचं काय असतं?

१३ फेब्रुवारी, गुरुवार.

प्रयोगशाळेतला लहान सूक्ष्मदर्शक घरी आणला, प्राचार्यांना सांगून. काचा डबीत भरल्या. ताजा पुरावा हवा म्हणून घरच्या दह्याच्या आणखी काचा केल्या, पाच-सहा बिघडल्या, पुन्हा केल्या. कोणीही डोळा लावावा आणि स्वतः बघावं. सगळ्या बायकांसमोर. जिथे आरोप झाला तिथेच निकाल लागला पाहिजे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. धार.

हे अपूर्वाच्या खोलीत बसून लिहिते आहे. कसं लिहू ते कळत नाही, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

पहिल्या बसने निघाले, इंदूरला बदलून साडेनऊला धार. सूक्ष्मदर्शक शालीत गुंडाळून मांडीवर, लोकांना वाटलं बाळ आहे. बाळाच्या तोंडावर शाल बघून एक म्हातारी म्हणाली, ‘बई, मूंडो तो खुल्लो राखो, सांस कैसे लेगा.’

घरात पुरुष बाहेर काढलेले होते. मधल्या खोलीत परात मांडलेली, देवी ठेवलेली, अनीशची आत्या, शेजारची एक जण, कुमारिका म्हणून चिऊ, अनीशच्या बहिणीची मुलगी, नटूनथटून. अपूर्वा मला बघून उठली, ‘आई, आलीस! मला वाटलं रागावलीस.’ मी तिला म्हटलं, ‘तू बस. आज मी बोलणार आहे.’

आणि बोलले. देवीसमोर, चप्पल काढून, पण आवाज खाली न आणता. खिडकीत सूक्ष्मदर्शक लावला. दोन काचा. म्हटलं, एकेकीने येऊन बघा. चिऊ आधी धावली. एका काचेवर डोळा लावून म्हणाली, ‘ये तो शेवया आहेत!’ मी म्हटलं, ‘शाबास. हेच. हे जीवाणू मेलेले नाहीत, कोणीतरी त्यांना अडवलंय. वाढताहेत पण वाटणी होत नाही. हे हाताच्या गुणाने होत नाही, विटाळाने होत नाही, हे औषधाने होतं. माझ्या मुलीच्या दह्यात कोणीतरी औषध घातलंय. आणि या घरात कॅप्सूल कोणाच्या ओट्यावर असतात ते मला माहीत आहे.’

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. मी नर्मदाबाईंकडे बघितलं. मला वाटलं होतं त्या चिडतील, निदान रडतील. त्या उठल्या, सूक्ष्मदर्शकापाशी गेल्या, चष्मा काढून डोळा लावला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

‘अगंबाई,’ त्या म्हणाल्या, ‘हे असं दिसतं होय. ती कॅप्सूल माझ्या दाढेचीच होती, विहीणबाई, दिवाळीतच संपली. पण औषध म्हणालात ते खरं आहे. कपिलेच्या दुधात होतं.’

मी म्हटलं, ‘कपिलेच्या?’

‘तुमचे डॉक्टर सोमवारी गाय बघायला आले, तेव्हा कळलं. कासेत चढवलेलं औषध दुधात उतरतं, आठवडाभर दूध वापरायचं नाही म्हणे. त्यांनी भूपेंद्रला सांगितलं होतं. आणि म्हणाले, मॅडमलाही पहिल्याच दिवशी फोन केला होता.’

भूपेंद्र अंगणात कपिलेला धरून उभा होता, खिडकीतून सगळं ऐकत. तिथूनच ओरडला, ‘बैनजी, डाक्टर साब ने म्हारे के तो दियो थो, पण माताजी रो काम, मैं दूध को मना कैसे करतो? पाप नी लागतो?’

पोळी करपत होती. मी फोन ठेवला होता. मला त्या क्षणी तेवढंच आठवलं, करपलेल्या पोळीचा वास.

नर्मदाबाई म्हणाल्या, ‘मंगळवारी मी फोन केला तो हेच सांगायला. आणि आजचं आवतण द्यायला. त्याआधी अनीशबरोबरही निरोप धाडला होता.’ त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच सहन होईना.

मी म्हटलं, ‘पण तिला विचारलं ते? हात लाभला नाही म्हणून?’

तेव्हा अपूर्वा बोलली. माझी अपूर्वा, जिच्या वतीने मी सदा बोलते ती. हळू बोलली पण थांबली नाही. ‘ते आत्या म्हणाल्या होत्या. अहो आईंनी त्यांना तिथल्या तिथे गप्प केलं. आणि पुन्हा कोणी म्हणू नये म्हणून दुसऱ्या वेळी माझ्याशेजारी स्वतः विरजण लावलं. सगळ्यांना बोलावून दाखवलं की बघा, माझ्याही हातचं लागलं नाही, आता मला विचारा. मी तुला सांगत होते, आई. दोन्ही वेळा सांगत होते.’

आत्याबाई जमिनीकडे बघायला लागल्या. मीही.

‘आणि मी बॅग भरली नव्हती,’ अपूर्वा म्हणाली. ‘मला यायचं नव्हतं. तू विचारलंच नाहीस.’

मला वाटतं मी परत निघाले असते. शाल उचललीसुद्धा होती. नर्मदाबाईंनी ती हातातून घेतली आणि खुंटीला टांगली. ‘हातपाय धुऊन या, विहीणबाई. परातीशी चार सवाष्णी लागतात आणि तीनच बसल्यात, दिसत नाही का? चौथी जागा पहिल्यापासून तुमची धरलेली आहे.’

मी मोजलं. खरंच तीनच होत्या. नर्मदाबाई उभ्या होत्या, कारण त्यांनी स्वतःचा पाट मला दिला होता की काय, ते मी विचारलं नाही.

बोडण झालं. दही अपूर्वाच्या हातचं, कपिलेच्या स्वच्छ झालेल्या दुधाचं, सुरीने कापावं असं घट्ट. चिऊ देवीसारखी तोऱ्यात बसून ‘दही हवं, आणखी दही हवं’ म्हणत होती. परातीत माझा हात अपूर्वाच्या हाताला लागला की ती बोटं दाबायची. कपिलेने सगळं चाटून खाल्लं.

१५ फेब्रुवारी, शनिवार. देवास.

चिरागला फोन केला. म्हटलं, ‘सांगायचं होतं तर जोरात सांगता येत नाही? डॉक्टर झालास आणि तोंडात मूग?’ तो म्हणाला, ‘जी मॅडम, गलती हो गई.’ फोन ठेवल्यावर मला स्वतःचीच चीड आली. गलती त्याची कुठली? पण भूपेंद्रची आहे. अर्धी. निदान पाव.

उमाशंकरांना म्हटलं, तुम्हाला गाईचं तेव्हाच सुचलं होतं ना? ते म्हणाले, ‘हो.’ बस्, ‘हो’. तीस वर्षांत हा माणूस एकदा ओरडला असता तर!

संध्याकाळी दही लावायला भांडं घेतलं आणि बघते तर विरजण नाही. गुरुवारी काचा करण्यात शेवटचा चमचा गेला. घाईत दुसऱ्या दिवसाचं लावलंच नव्हतं. आजेसासूबाईंपासूनचं विरजण. कोणी औषध घातलं नव्हतं, कोणाचा हात लागला नव्हता. मीच संपवलं, दुसऱ्याला दोषी ठरवता ठरवता. ओट्यापाशी खाली बसले आणि रडले, खूप दिवसांनी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.

तीन दिवस बाजारचं दही. उमाशंकर बिनतक्रार खातात, त्याचाच राग येतो.

आज धारला फोन केला. अपूर्वाला नाही, नर्मदाबाईंना. विरजण मागायचं म्हणजे मला काय वाटत होतं ते मलाच ठाऊक. म्हटलं, ‘विहीणबाई, माझं विरजण गेलं.’ त्या म्हणाल्या, ‘कुठे गेलं? आहे की इथे. पहिल्या दिवशी दही लागलं नाही तेव्हाच मी त्यातलं थोडं पिशवीच्या दुधात निराळं लावून ठेवलं होतं. म्हटलं, माहेरचं विरजण मेलं तर पोर हिरमुसेल. उद्या अनीशबरोबर पाठवते.’ मग म्हणाल्या, ‘आणि तुमच्या त्या शेवया? त्यांचं काय होतं पुढे?’

मी सांगितलं, औषध निघून गेलं की जे तगलेले असतात ते पुन्हा कडं घालतात आणि दोऱ्याच्या पुन्हा काड्या होतात, एकाच्या कितीतरी. त्यांनी मला सगळं बोलू दिलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर माझ्या ते लक्षात आलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार.

अनीशराव बोळकं देऊन गेले. शिरा केला होता, पण आधी विचारलं, ‘काही निरोप आहे का?’ म्हणाले, ‘आई म्हणाली, भांडं हलवू नका.’

दूध कोमट करून विरजण लावलं, शालीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. तीच शाल. माझी सवय अशी की तासातासाला झाकण उघडून बघायचं, लागलं का, का नाही लागलं, कोणाचं चुकलं. आज बाहेरच्या खोलीत येऊन बसले आहे.

अपूर्वाचा फोन आला. बँकेतल्या एका भांडणाचं सांगत होती, मॅनेजर तिच्यावर ओरडला, तिने त्याला काय उत्तर दिलं. दोनदा माझ्या तोंडात आलं की मी उद्या येते आणि त्या मॅनेजरला बघते. ती बराच वेळ बोलत होती. मी ‘मग?’ म्हणत राहिले.